रेघेखालचा मजकूर

निपाणी, ता. १४ फेब्रुवारी १९३७

चिरंजीव धनपाल यास पारिसामामाचा जय जिनेंद्र आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. दुपारी गिरणीला टाळं घालून घरी आलो आणि हातपाय धुवायच्या आधी वाचून दाखवलं. तुझी आई चुलीपुढून उठून उंबऱ्यात बसली. शेजारच्या नागुबाई दळणाची बुट्टी तशीच टाकून आल्या. तू लिहिलंस की इंजिनावर एक उपकरण बसवतात आणि इंजिन चालू असताना त्यातली पेन्सिल आपोआप कागदावर चित्र काढते, पोटात दाब किती ते त्यावरून कळतं. नागुबाई म्हणाल्या, "असलं एक माझ्या मालकाच्या पोटाला बसवा की वो, काय दुखतंय ते तरी कळंल." तुझी आई पदर तोंडाला लावून हसली.

रेघेखालचा मजकूर मी नेहमीप्रमाणं मनातच वाचला. तू पुण्याला गेलास तेव्हा आपलं ठरलंच आहे, रेघेच्या वरचं मोठ्यानं वाचायचं, खालचं मामापुरतं. खानावळीचं जेवण अंगी लागत नाही हे तिला कळलं नाही, काळजी नको.

आता माझ्याही पत्रात एक रेघ आहे असं समज. एक गोष्ट तिनं तुला सांगू नको म्हणून बजावलंय. पण शेवटची परीक्षा मे महिन्यावर आली, तुला ठाऊक असलेलं बरं. तू इंजिनियरिंगला गेलास त्याच आठवड्यात तिनं बस्तीत जाऊन देवापुढं नेम घेतला. पोरगा बी. ई. होईपर्यंत तूप, दूध आणि गोड खाणार नाही. तीन वर्षं झाली. सुटीत तू आलास की तुला वाढून ती "मागनं बसते" म्हणायची, ते यासाठी. अलीकडं तिला पायऱ्या चढताना चक्कर येते. तू घाबरू नको, फक्त नेटानं अभ्यास कर. आपल्या गिरणीच्या इंजिनाचं डोकं दिव्यानं तापवल्याशिवाय ते उठत नाही, तसं तुझं डोकं जरा तापावं म्हणून लिहिलं.

तुझा मामा,
पारिसा मगदूम

---

पुणे, ता. २ मार्च १९३७

तीर्थरूप मामा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

आईस सांगा, प्रकृती उत्तम आहे. वर्कशॉपमध्ये आता ओतकाम संपून यंत्रजुळणी चालू आहे. माझा साचा पाहून मेस्त्री म्हणाले, "हात कुणी शिकवला?" मी म्हटलं, मामांनी, निपाणीच्या गिरणीत.

———

मामा, नेमाचं वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. हे मला तीन वर्षं का कळवलं नाहीत? बाकी विषय ठीक आहेत, मात्र उष्णता-यंत्रांच्या पेपरची धास्ती वाटते. इंजिन कुठं बिघडलं आहे ते मी आवाजावरून सांगू शकतो, पण इथं नुसतं सांगून चालत नाही. किती उष्णता आत गेली, किती कामी आली, किती वाया गेली, ते आकड्यांनी मांडावं लागतं. आईस म्हणावं, देव माझे मार्क मोजत नाही बसलेला, थोडं दूध घे. पण ती ऐकणार नाही, आणि तुम्ही हे वाचूनही दाखवू शकत नाही.

आपला,
धनपाल

---

पुणे, ता. २० जून १९३७

तीर्थरूप मामांस नमस्कार.

काल यादी लागली. माझा नंबर नाही. उष्णता-यंत्रांत गेलो. पहिल्या प्रश्नात चालत्या इंजिनाचं वर्णन देऊन दोष विचारला होता. दोष मी पहिल्याच ओळीत ओळखला आणि लिहून टाकला. तो कसा सिद्ध होतो याची मांडणी हवी होती, ती मी केलीच नाही. आमचे प्राध्यापक म्हणाले, उत्तर बरोबर असेल, पण तू ते मिळवलेलं नाहीस. आता पुढल्या मे महिन्यात सगळे पेपर पुन्हा द्यायचे. इथल्या एका कारखान्यात दिवसा काम मिळतंय, ते करून अभ्यास करीन.

या पत्रात रेघ ओढलेली नाही. आईपासून हे लपवायचं नाही. सगळं जसंच्या तसं वाचून दाखवा.

आपला,
धनपाल

---

निपाणी, ता. २५ जून १९३७

चिरंजीव धनपाल,

आशीर्वाद नेहमीचाच.

तू रेघ ओढली नव्हतीस. ती मी ओढली, तुझ्या पहिल्याच ओळीच्या वर.

झालं असं. पोस्टमननं पत्र गिरणीत दिलं आणि त्यानंच गल्लीत हाळी दिली, "पुण्याचं पत्र आलंय!" मी घरी पोचेतो तुझी आई, नागुबाई आणि पलीकडच्या लक्ष्मीबाई सोप्यात बसलेल्या. पत्र तिथंच फोडलं. मनात वाचलं, मान वर केली. तुझ्या आईचा चेहरा बघितला. रे बाबा, डोळ्यांखाली काळं, ओठ पांढरे, पायांना सूज आलेली. मी इंजिनाचं सांगू शकतो, माणसाचंही थोडं सांगू शकतो. हे यंत्र आणखी एक वर्ष कोरडं चालणार नाही हे मला दिसलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "पोरगं पास झालं गं, ब्राह्मे!"

मग काय. लक्ष्मीबाईंनी तिथंच लेझीम धरल्यासारखं केलं. नागुबाई म्हणाल्या, "आता आमच्या मालकांचं पोट धनपालच बघंल." तुझी आई उठली. सरळ बस्तीत गेली, नेम सोडून आली. संध्याकाळी दिवस असतानाच पुरणपोळी झाली. पहिला घास तुपात बुडवून तिनं तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी परसात जाऊन तोंडावर पाणी मारून घेतलं.

आता तूही मला साथ दे. एका वर्षाचा प्रश्न. पुढल्या वर्षी तू पास झालास की माझं खोटं आपसूक खरं होईल. लोकांना सांगू, तू कारखान्यात शिकाऊ इंजिनियर आहेस. तीन-चार दिवसांतच तिच्या तोंडावर तकाकी आली आहे, ती तू बघायला हवी होतीस.

आणि एक विचारतो. मी तुला कानानं शिकवलं तेच परीक्षेत आडवं आलं का?

मामा

---

पुणे, ता. ३ जुलै १९३७

तीर्थरूप मामांस,

कानानं शिकवलंत त्याचा दोष नाही. मांडणीचा आळस माझा.

पण मामा, तुम्ही हे काय केलंत? हिशेबात एक माप चुकलं की पुढची सगळी चुकतात, आणि चूक शेवटच्या ओळीत उघडी पडते. तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. आईच्या तोंडावर तकाकी आली हे वाचून आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटली. तूर्त गप्प बसतो. दिवाळीला येईन.

धनपाल

---

निपाणी, ता. १४ नोव्हेंबर १९३७

चिरंजीव धनपाल यास आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड आलं. इथलं आता सांगतो.

जायच्या सकाळी तू तिला सगळं सांगून टाकलंस. मला विचारलंही नाहीस. त्याबद्दल रागावत नाही. चार दिवस गल्लीतली माणसं तुला "इंजिनियरसाहेब" म्हणत होती आणि तुझी मान खाली जात होती, ते मी बघत होतो. तिनं शेवचिवड्याची पिशवी तुझ्या हातात दिली, मोटार सुटेतो उभी राहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, "अण्णा, त्या दिशी कागदावर काय लिवलं हुतं?"

मी सांगितलं.

"मग मी तूप खाल्लं ते कशाचं?"

मी म्हटलं, "माझ्या पापाचं. तुझा काय संबंध?"

ती बस्तीत गेली. मी मागोमाग. तिथल्या उपाध्यांनी समजावलं, "अजाणता घडलंय, ब्राह्मीबाई, दोष नाही." तर म्हणते कशी, "मला ठावं न्हवतं, पर जिभंला गोड लागलं न्हवं?" उपाध्ये माझ्याकडं बघायला लागले.

पहिला नेम मोडला त्याचं प्रायश्चित्त म्हणून तिनं दुसरा घेतला आहे. तुझा निकाल लागेपर्यंत दिवसातून एकदाच जेवायचं. तूप, दूध, गोड नाहीच, आता मीठही नाही. मी लई विनवण्या केल्या. लक्ष्मीबाईंनी शिव्या घातल्या. तिनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "तुमी समदी माझ्या बऱ्यासाठीच करता. पर माझा नेम हाय, मला इचारून तरी करा."

तुला दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. तू तिच्याकडनं काही लपवू नये असंच तिनं तुला वाढवलं.

मामा

---

पुणे, ता. २ जानेवारी १९३८

तीर्थरूप मामांस नमस्कार. हे सगळं मोठ्यानं वाचा.

आई, मीठ तरी खा. मी सकाळी सात ते चार कारखान्यात असतो, मग वाचनालयात. यंदा एकेक पायरी मांडतो आहे. तुझा नेम सुटला नाही तर माझी पेन्सिल चालणार नाही. सोबत इंजिनानं काढलेलं ते चित्र पाठवतो आहे, तू मागं विचारलं होतंस. तुझा धनपाल.

---

निपाणी, ता. ११ जानेवारी १९३८

चिरंजीव धनपाल,

पत्र वाचलं, एक अक्षर न गाळता. ती माझ्या खांद्यावरून कागदाकडं बघत होती. अक्षर येत नाही, पण रेघ कुठं असली तर दिसेल म्हणून. रेघेचं तूच तिला सांगून गेलास. आता ती जे बोलते ते तसंच उतरवतो.

"बाळा, मी बरी हाय. तुझा मामा लई रडका झालाय, त्याचं ऐकू नगंस. चित्र मिळालं. मला वाटलं फुलाबिलाचं असंल, तर हे पायातल्या व्हाणंसारखं दिसतंय. एवढं मोठं इंजिन आणि व्हाण काढतंय व्हय? नागुबाई म्हंती एकच काढली, दुसऱ्या पायाची कुठाय. मीठ खा म्हंतोस. तू परीक्षा माझ्यासाठी देऊ नगंस, तुझ्यासाठी दे. माझा नेम माझ्यासाठी हाय. दोन्हीची गाठ घालू नगंस रं. दिवस हाय तवर जेवत जा. अण्णा, एवढं पुरं."

हे लिहून झाल्यावर म्हणाली, "रेघ वडली न्हाईस न्हवं?" मी नाही म्हटलं. खरंच ओढलेली नाही.

मामा

---

पुणे, ता. १९ एप्रिल १९३८

तीर्थरूप मामांस नमस्कार.

परीक्षा २ मेला सुरू होते, १४ला संपते. या खेपेस भीती नाही. उष्णता-यंत्रांचे गेल्या दहा वर्षांचे पेपर सोडवून झाले. परवा प्राध्यापकांनी वहीवर लिहिलं, "आता उत्तर मिळवतोस." हे आईला मोठ्यानं वाचा.

एक विचारायचं आहे. गेल्या दोन पत्रांत आईचा निरोप नाही. काही झालंय का? खरं सांगा. सांगितलंत तर मी निघून येईन, परीक्षा पुन्हा देता येते.

धनपाल

---

निपाणी, ता. २४ एप्रिल १९३८

चिरंजीव धनपाल,

तुझी आई मिरच्यांच्या कामात आहे. गावात सगळ्यांची वर्षाची चटणी दळायचे दिवस, गिरणीत मला खोकायला फुरसत नाही आणि तिला घरी. ऊन फार आहे. बेळगावला गिरणीचा पट्टा आणायला गेलो होतो, खडेबाजारात तुझ्यासाठी एक चांगली मोजपट्टी दिसली, पोस्टानं धाडली आहे. निरोप एवढाच की पेपर शांतपणे सोडव आणि शेवटचा पेपर झाल्याशिवाय गाडीत बसू नको.

मामा

---

निपाणी, ता. १५ मे १९३८

चिरंजीव धनपाल,

हे पत्र तुला परीक्षेनंतर मिळेल असं बघून टाकतो आहे. बसून वाच.

तुझी आई ६ तारखेला, शुक्रवारी सकाळी गेली. अंगणात ऊन यायच्या आधी. मी, नागुबाई, लक्ष्मीबाई जवळ होतो. णमोकार मंत्र चालू होता.

मागच्या पत्रात मिरच्यांचं लिहिलं ते खोटं. गुढीपाडव्यानंतर ती अंथरुणाला खिळली होती. ताप उतरेना. डॉक्टर आले, म्हणाले, "औषधापेक्षा हिला मीठ आणि दूध द्या." तिनं विचारलं, "निकाल कवा?" मी म्हटलं जूनमध्ये. म्हणाली, "मग जूनमदी घीन."

आता तुला जे सांगतो ते कुणालाच सांगितलेलं नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिच्या पेजेत चिमूटभर मीठ टाकलं. अगदी चिमूटभर. वाटलं, अंगात तेवढंच बळ येईल, मे कसाबसा निघेल. तिनं एक घोट घेतला. वाटी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं.

"अण्णा, पुन्ना?"

एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. पण त्यानंतर तिनं माझ्या हातचं काही घेतलं नाही. पाणीसुद्धा नागुबाईंच्या हातून. एकाच खोलीत मी उशाशी बसलेला, आणि तांब्या नागुबाईंकडं.

तुझं १९ तारखेचं पत्र मी तिला सगळं वाचून दाखवलं. "खरं सांगा, मी निघून येईन" हेही. मी म्हटलं, "ब्राह्मे, तार करतो." तिनं मान हलवली. म्हणाली, "त्याच्या पत्रात रेघ असायची न्हवं? आता आपल्या पत्रात वड. मी रेघंखाली." मी म्हटलं, पोरगं मला माफ करणार नाही. तर म्हणाली, "तुला सवय हाय, अण्णा." आणि जरा हसली. महिन्यात तेवढंच हसली.

उष्णता-यंत्रांच्या पेपरची तारीख तिनं पाठ केली होती. ५ तारखेला दिवसभर विचारत होती, "सुटला असंल का आता?" चार वाजता मी सांगितलं, "सुटला." मग झोपली.

दोनदा मी तिला फसवायला गेलो आणि दोन्हीदा तिला कळलं. शेवटी तिच्याच सांगण्यावरून तुला फसवलं, ते तेवढं साधलं. मला दुसरं काही म्हणायचं नाही. शिव्या द्यायच्या असतील तर लिहून पाठव, मी मोठ्यानं वाचीन.

मामा

---

पुणे, ता. १९ जून १९३८

मामांस,

काल निकाल लागला. पास झालो, दुसऱ्या वर्गात. उष्णता-यंत्रांत शेकडा एकोणसत्तर. गल्लीत साखर वाटू नये.

महिनाभर पत्र लिहिलं नाही. तुमचं पत्र मिळालं तेव्हा बारावा उद्यावर होता. गाडी मिळाली असती. कुणासाठी यायचं ते कळेना, म्हणून आलो नाही. कारखान्यात जात राहिलो.

तुमच्यावर फार राग धरला. पहिल्यांदा तुम्ही माझ्याबद्दल आईशी खोटं बोललात, दुसऱ्यांदा आईबद्दल माझ्याशी. ५ तारखेला मी पेपरात उष्णतेचा ताळेबंद मांडत होतो, एकेक पायरी, खाडाखोड न करता, आणि मला वाटत होतं आई मिरच्या निवडते आहे.

पण हे सगळं मनात मांडत गेलो तसा एक हिशेब निघाला, तो कुणाला दाखवण्यासारखा नाही. तुमच्या खोट्यानं ती चार महिने जेवली. तकाकी आली. मी दिवाळीत खरं बोललो, आणि तिथून तिचं मीठ सुटलं. आपल्या तिघांत खरं बोललेला मी एकटा, आणि ती गेली ती त्या खऱ्यानं. मला माझी मान वर करायची होती, म्हणून बोललो. मामा, याचं मी काय करू?

रविवारी २६ तारखेला दुपारच्या कोल्हापूर मोटारीनं येतो. दोन दिवस राहीन. तुमच्याशी बोलता येईल की नाही, सांगवत नाही.

धनपाल

---

निपाणी, ता. २२ जून १९३८

बाळ धनपाल,

पत्र मिळालं. साखर वाटली नाही. नागुबाईंनी विचारलं, मी म्हटलं पास झाला. त्या म्हणाल्या, "खरंच का हो?" यापुढं मला असंच विचारलं जाणार, आणि ते बरोबर आहे.

तू विचारलंस, याचं काय करू. मला लिहायचं होतं की ती तुझ्या खऱ्यानं गेली नाही. तू सांगितलंस त्या दिवशी दुपारी ती लक्ष्मीबाईंना म्हणाली होती, "माझं पोरगं माझ्याशी खोटं बोललं न्हाई," आणि हे म्हणताना तिचा चेहरा तूप खाल्ल्या दिवसापेक्षा उजळ होता. हे घडलेलं आहे, रे. पण हे मी लिहिलं की तुला वाटणार, मामा समाधानासाठी रचून सांगतोय. वाटणारच. तुझ्या हातात द्यावा असा एकच शब्द माझ्याकडं होता आणि त्याची पत मी आधीच घालवून बसलो. तू आलास की लक्ष्मीबाईंना विचार. मी त्या वेळी गिरणीत जाऊन बसेन, म्हणजे त्यांना मी शिकवलं असं व्हायचं नाही.

रविवारी मोटारस्टँडवर असेन. तुला बोलायचं नसेल तर बोलू नको. ट्रंक माझ्याकडं दे. तीही द्यायची नसेल तर नको देऊ, मी मागून चालत येईन.

पारिसा